नवजात बाळाचं पहिलं हार्ट ऑपरेशन: खान्देशातल्या घरांसाठी, बाळ निळं पडल्यापासून पुढच्या ऑपरेशनपर्यंत काय काय करायचं

माझी भाची चार दिवसांची असताना निळी पडली. एप्रिल महिना, ताईचं पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आमच्याकडे अमळनेर तालुक्यात, दुसऱ्या दिवशी पाचवी म्हणून घरात पूजेची तयारी चाललेली, आणि सकाळी अंघोळ घालता घालता आई एकदम ओरडली, "माय वं, पोर निळी पडी ऱ्हायनी!" नखं, ओठ, जिभेचं टोक, सगळं जांभळासारखं. तिथून धुळे, धुळ्याहून मुंबई, आणि नवव्या दिवशी ऑपरेशन. धावपळ करणारा मीच होतो, म्हणून पुढचं सगळं लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाचे डोस वगैरे यात सापडणार नाहीत, पण त्या दिवसांत कोणीतरी मराठीत एका जागी सांगायला हवं होतं ते मी इथे सांगतो.

आधी तो शब्द समजून घ्या

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता पॅलिएटिव्ह सर्जरी करावी लागेल. दाजींनी मोबाईलवर तो शब्द टाकला तर सगळं कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजबद्दल आलं, ताईने ते वाचलं आणि जेवण सोडलं. म्हणून हे पहिलं. बाळाच्या हृदयाच्या बाबतीत पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असं अजिबात नाही. हृदयातला दोष मुळापासून दुरुस्त करायला बाळ अजून लहान आहे, म्हणून रक्ताचा रस्ता तात्पुरता बदलायचा आणि बाळाला वाढायला वेळ मिळवून द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. ठिबकची मेन लाईन चोक झाली तर शेजारच्या लाईनवरून एक नळी टाकून आपण पीक जगवतो ना, अगदी तसं. मेन लाईन नंतर दुरुस्त होते, पण तोपर्यंत झाड जगलं पाहिजे.

मग आत्ताच पूर्ण दुरुस्ती का नाही, हे मीही विचारलं होतं. काही दोषांत करतातही. पण अडीच-तीन किलोच्या बाळाच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नसा कधीकधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात, त्यात बसवलेला पाईप बाळ वाढलं की लहान पडतो, आणि काही ऑपरेशनं तर फुफ्फुसातलं प्रेशर उतरल्याशिवाय चालतच नाहीत, नवजात बाळात ते प्रेशर जास्त असतं.

पहिली पायरी: डिस्चार्जच्या आधी पायाचं सॅच्युरेशन मागा

हे मी सगळ्यात जोरात सांगतो. जन्मानंतर २४ तास झाले की उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून सॅच्युरेशनचे, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे बघायचे. दोन्हीकडे ९५ किंवा वर आणि दोघांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली असेल तर लगेच तपासणी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मधलं काही असेल तर तासाभराने परत बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, सुई नाही काही नाही. जिथे ताईची डिलिव्हरी झाली तिथे हे झालं नाही, कोणी केलं नाही आणि आम्हाला माहिती नव्हतं म्हणून मागितलंही नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या दिवसापर्यंत बाळ चांगलं का दिसतं? पोटात असताना बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते, डक्टस म्हणतात. ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप बंद व्हायला लागते. नॉर्मल बाळाला त्याने काही फरक पडत नाही, पण ज्या बाळाच्या फुफ्फुसाला किंवा शरीराला रक्त त्याच वाहिनीतून मिळतंय त्याचा पुरवठाच तुटतो. म्हणजे बाळ बिघडतं ते नेमकं घरी आल्यावर.

सॅच्युरेशन टेस्टमध्येही काही दोष सुटतात, म्हणून लक्षणं माहीत हवीतच. दूध पिताना दमून थांबणं, कपाळाला घाम फुटणं, शांत झोपेतही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, पाय गार पडणं, रडणं क्षीण होणं. सावळ्या बाळात निळेपणा चटकन कळत नाही, जीभ आणि हिरड्या बघा, त्या खोटं सांगत नाहीत. आणि ऑक्सिजन लावूनही आकडा वर येत नसेल तर छातीपेक्षा हृदयाचा संशय आधी घ्यायचा.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "सव्वा महिना व्हऊ द्या, मंग दखसूत", म्हणजे मग बघू. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला बाहेर काढायचं नाही हीच त्यांची रीत. पण हा आजार सव्वा महिना थांबत नाही, सव्वा दिवस थांबला तरी नशीब. घुटी, बिबा, चटका, दृष्ट काढणं यात एक तासही घालवू नका.

गरोदरपणीच १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचा संशय आला तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या आणि डिलिव्हरीच अशा शहरात ठरवा जिथे लहान मुलांची हार्ट सर्जरी होते. पहिली डिलिव्हरी माहेरीच, हा हट्ट अशा वेळी सोडायचा.

दुसरी पायरी: इको झाला की डॉक्टरांकडून चित्र काढून घ्या

रिपोर्ट मागे वळवा आणि म्हणा, डॉक्टर, रक्त कुठे अडतंय ते काढून दाखवा. बहुतेक जण काढतात. दोषांची नावं खूप आहेत, पण घरच्या माणसाला चार प्रकार कळले तरी पुरे.

फुफ्फुसाला रक्त कमी जातंय, म्हणजे पल्मनरी अट्रेसिया, ट्रायकस्पिड अट्रेसिया, टेट्रालॉजीचा जोरदार प्रकार. यात बाळ निळं असतं. इथे शंट टाकतात, हाताकडे जाणाऱ्या धमनीपासून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत गोरटेक्स नावाच्या कृत्रिम पदार्थाची छोटी नळी. आमच्या भाचीला साडेतीन मिलिमीटरची टाकली, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी. काही बाळांत ऑपरेशनऐवजी मांडीतून तार नेऊन डक्टसमध्येच स्टेंट बसवतात.

दुसरा प्रकार उलटा, फुफ्फुसात रक्त प्रमाणाबाहेर जातंय, जसं की हृदयाच्या पडद्याला अनेक भोकं. हे बाळ फारसं निळं नसतं पण धापा टाकतं आणि वजन धरत नाही. त्यात फुफ्फुसाच्या धमनीला पट्टी आवळतात, त्याला पीए बँडिंग म्हणतात, ही युक्ती १९५२ पासूनची.

तिसरा, दोन मोठ्या धमन्या अदलाबदल झालेल्या. त्यात आधी फुग्याने वरच्या कप्प्यांमधलं भोक मोठं करतात म्हणजे चांगलं आणि अशुद्ध रक्त मिसळतं, आणि मग पहिल्या काही आठवड्यांतच पूर्ण दुरुस्ती करतात.

चौथा सगळ्यात अवघड, हृदयाची डावी बाजूच नीट तयार झालेली नाही. त्यात नॉरवूड नावाचं मोठं ऑपरेशन लागतं, आणि पुढे आणखी दोन.

शंटचं ऑपरेशन पहिल्यांदा २९ नोव्हेंबर १९४४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला झालं. हेलन टॉसिग या बालहृदय डॉक्टरांनी कल्पना मांडली, आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ऑपरेशन केलं, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होता व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, ज्याच्याकडे डॉक्टरकीची डिग्रीच नव्हती पण प्रयोगशाळेत हे ऑपरेशन त्यानेच बसवलं होतं. आयसीयूच्या बाहेर एका रेसिडेंट डॉक्टरने मला हे सांगितलं आणि का कोण जाणे त्या रात्री मला थोडी झोप लागली.

तिसरी पायरी: ड्रिप बंद पडू द्यायची नाही

डक्टस उघडी ठेवायचं औषध असतं, प्रोस्टाग्लँडिन ई-१. ते थेंबाथेंबाने पंपातून सतत चालतं, आणि ज्या बाळाचा जीव डक्टसवर आहे त्याच्यासाठी धुळे-जळगाव ते मुंबई हा प्रवास म्हणजे हे औषध. ते सुरू केल्याशिवाय, शक्य असेल तिथे, गाडी हलवू नका. संशय पक्का असेल तर इकोच्या आधीही डॉक्टर ते सुरू करतात, तेव्हा विचारायला लाजू नका.

धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, मालेगाव, नाशिक, कसारा घाट. आम्ही रात्री निघालो. निघायच्या आधी सोबतच्या सिस्टरने जे केलं ते मी जसंच्या तसं सांगतो. बाळाला दोन ठिकाणी सुई लावली, एक औषधासाठी आणि एक राखीव. जास्तीचे अँप्युल बर्फाच्या डब्यात घेतले, कारण हे औषध फ्रिजमधलं आहे आणि बाहेर एप्रिलची रात्र. पंपाची बॅटरी फुल आहे का ते प्लग काढून चालवून बघितलं. व्हेंटिलेटर आणि हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी. शुगर तपासली. बाळाला डोक्यावर टोपी, अंगाला कापूस, आणि गाडीचा एसी बाळाकडे नाही.

या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो. भाचीचा थांबला. इगतपुरीच्या अलीकडे मॉनिटर वाजला, सिस्टरने तळपायाला दोन टिचक्या मारल्या, काही नाही, मग तिने मास्क तोंडावर धरून बॅग दाबायला सुरुवात केली आणि तोंडाने आकडे मोजत राहिली, एक-दोन-दाब, एक-दोन-दाब. मिनिटभराने पोर स्वतः श्वास घ्यायला लागली. म्हणून साधी गाडी, ओळखीच्याची मारुती इको व्हॅन, नुसता ड्रायव्हर आणि ऑक्सिजनचा सिलेंडर, असं चालत नाही. बॅग मारता येणारं माणूस गाडीत हवं. १०८ ला फोन करताना नवजात बाळ, हृदयाचा आजार, व्हेंटिलेटरवाली गाडी हवी, हे तिन्ही शब्द सांगा. ऑक्सिजनही डॉक्टर सांगतील तेवढाच, काही दोषांत जास्त ऑक्सिजनने उलट त्रास वाढतो.

आणि निघायच्या आधी तिकडच्या हॉस्पिटलशी डॉक्टरचं डॉक्टरशी बोलणं होऊ द्या, बेड आहे हे नक्की होऊ द्या, इकोचा रिपोर्ट आणि व्हिडिओ पाठवा. मुंबईत परळला वाडिया आणि केईएम, खारघरला श्री सत्य साई संजीवनी जिथे मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं, ही नावं लक्षात ठेवा. नंदुरबार-नवापूरकडच्यांना गुजरात जवळ पडतं, पण महाराष्ट्राची योजना तिकडे लागते का हे आधी विचारा.

कागद

आमचं इथे सगळ्यात जास्त अडलं. बाळ जन्मलं जळगाव जिल्ह्यात, ताईचं सासर शिरपूरला म्हणजे धुळे जिल्हा, ताईचं नाव अजून आमच्याच रेशन कार्डावर, आणि बाळाचं तर कुठेच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बाळाचं नाव कार्डावर नसलं तरी जन्माचा दाखला आणि आईवडिलांपैकी एकाच्या कार्डावर काम होतं, पण ते कार्ड हातात हवं, फोटो नाही, कार्ड. त्यामुळे एक माणूस बाळासोबत आणि एक माणूस फक्त कागदांसाठी मागे, असं पहिल्या तासातच वाटून घ्या. लागणारे कागद म्हणजे रेशन कार्ड, दोघांचं आधार, जन्मदाखला किंवा निदान डिलिव्हरी झाली तिथलं पत्र, इको रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स.

योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो, पोचल्याबरोबर त्याला गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यातून मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला मदत होते, त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी नावाच्या लहान मुलांच्या केंद्रात नोंद लागते, गावच्या आशाताईला सांगितलं की ती रस्ता दाखवते. आमच्या आशाताईने तो फॉर्म स्वतः दुपारच्या उन्हात धुळ्याच्या बसने नेऊन दिला. हॉस्पिटलचा समाजसेवा विभागही विसरू नका, राहण्या-जेवणाची सोय आणि औषधांच्या ट्रस्ट त्यांना माहीत असतात.

चौथी पायरी: ऑपरेशनच्या आधी विचारायचे प्रश्न

सही करायच्या आधी बसून विचारा. हे पहिलं ऑपरेशन, तर एकूण किती? शेवटी हृदयाचे रक्त पंप करणारे दोन कप्पे काम करणार की एकच? तुमच्याकडे अशी किती बाळं होतात आणि धोका किती? पुढचं ऑपरेशन कधी? यातला दुसरा, कप्प्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोन कप्पे असतील तर पुढे पूर्ण दुरुस्तीची आशा असते, आणि एकच असेल तर चार ते सहा महिन्यांत ग्लेन नावाचं ऑपरेशन, दोन ते चार वर्षांत फाँटन नावाचं, आणि नंतरही आयुष्यभर डॉक्टर.

सगळी बाळं वाचत नाहीत. आमच्या शेजारच्या बेडचं बाळ चौथ्या रात्री गेलं, त्याचा बाप माझ्यासोबत रोज चहाला यायचा. नवजात बाळातलं शंटचं ऑपरेशन छोटं नाही आणि नॉरवूड तर फारच कठीण. काही वेळा डॉक्टर स्वतः सांगतात की बाळाला यातून फक्त त्रासच होईल, तेव्हा ऑपरेशन न करता त्याला कुशीत घेऊन, दुखू न देता ठेवणं हाही विचार करून घेतलेला निर्णय असतो. तसा निर्णय घेतलेल्या आईला कोणी, सासरचं असो की माहेरचं, एक शब्द बोलू नये.

आयसीयूत

पहिल्यांदा बघाल तेव्हा हादराल. नळ्या, सूज, कधीकधी छाती एक-दोन दिवस उघडीच ठेवून वरून पारदर्शक पडदा लावलेला. ते ठरवून केलेलं असतं. मॉनिटरवर ७८ दिसलं आणि दाजी धावत सिस्टरकडे गेले. शंटनंतर ७५ ते ८५ हाच साधारण चांगला आकडा. ९८ दिसलं तर उलट काळजी, म्हणजे फुफ्फुसात रक्त जास्त चाललंय. तुमच्या बाळाची रेंज काय ते कागदावर लिहून घ्या.

ताईने या काळात दर तीन तासांनी दूध काढलं. आयसीयूत पहिले काही दिवस दूध चालत नाही, पण काढलं नाही तर आटतं, आणि नंतर तेच दूध लागतं.

पाचवी पायरी: घर, आणि आपला मे महिना

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, सुटलो. मला तर हे दिवस ऑपरेशनपेक्षा अवघड गेले. शंट म्हणजे रिफिलएवढी नळी, रक्त घट्ट झालं की ती चोक होते, आणि रक्त घट्ट कशाने होतं तर पाणी कमी पडल्याने. आता आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५, पत्र्याची घरं, दिवसा लाईट जाते. जे दुसऱ्या बाळाला साधे जुलाब ते या बाळाला इमर्जन्सी. आम्ही घरी आल्यावर बाराव्या दिवशी भाचीला तीन पातळ शी झाल्या आणि तिने दोन वेळचं दूध निम्मं सोडलं. आई म्हणाली उन्हाळी लागली असेल. वहीत बघितलं तर वजन कालच्यापेक्षा ४० ग्रॅम कमी आणि सॅच्युरेशन ६९. तासाभरात धुळे, सलाईन, आणि मुंबईच्या डॉक्टरांशी फोन चालू. शंट वाचला. ती वही नसती तर आम्ही संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती.

म्हणून वही. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा बाळाचा वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर घ्या, बाळाला चालणारा प्रोब असलेला, मोठ्या माणसाचा बोटाचा क्लिप चालत नाही. रोज सकाळी, दूध द्यायच्या आधी, कपडे काढून वजन. सॅच्युरेशन दिवसातून दोनदा, पायाला. शंट उजवीकडे असेल तर उजव्या हाताची नाडी आणि बीपी कमी येऊ शकतं, म्हणून बीपी दुसऱ्या हाताला घ्यायला सांगा. दूध किती प्यायली, लघवी किती वेळा. वजन एका दिवसात ३० ग्रॅम उतरलं, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही, किंवा सॅच्युरेशन ७५ च्या खाली गेलं, किंवा उलटी-जुलाब-ताप आला, तर फोन, आणि फोन नाही लागला तर सरळ गाडी.

दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एका फीडला लावायचा नाही, बाळ पिऊनच दमतं. दमत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. मध, घुटी, वरचं पाणी काही नाही, उन्हाळ्यात जास्तीचं काय द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

अ‍ॅस्पिरिन हेच शंट उघडा ठेवतं, ते एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. संपायच्या चार दिवस आधी आणा, खेड्यात लहान डोस मिळत नाही. घरात कोणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा, अ‍ॅस्पिरिनवरच्या मुलात तो वेगळा विषय आहे. तापाला आयब्युप्रोफेन नको. लघवीचं औषध चालू असेल आणि जुलाब लागले तर ते थांबवायचं का, हेही फोनवरच विचारा. लसी वेळेवर, त्यांना थांबवायचं कारण नसतं.

मधली छाती उघडून ऑपरेशन असेल तर सहा आठवडे बगलेत हात घालून उचलायचं नाही, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालून. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी बंद. बघायला येणाऱ्यांनी दारातून बघायचं, सर्दी असेल त्याने तेही नाही. याने पाव्हणे रुसतात, रुसू द्या. टेट्रालॉजीचं बाळ रडता रडता एकदम काळंनिळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि दवाखाना गाठा.

पुढचं ऑपरेशन

तारीख बरं दिसतंय म्हणून पुढे ढकलू नका, कापूस वेचणीत अडकलो म्हणूनही नाही. शंटची नळी वाढत नाही, बाळ वाढतं, आणि काही महिन्यांत ती तोकडी पडतेच. हळूहळू आकडा उतरायला लागतो तो त्यामुळेच.

आमचं पूर्ण दुरुस्तीचं ऑपरेशन चौदाव्या महिन्यात झालं. तिथे सर्जनने पहिली मागितली ती पहिल्या ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशन नोट, ज्यात नळी किती मिलिमीटरची, कुठल्या बाजूला, हे असतं. ती घरी निघतानाच मागून घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दात येताना ते स्वच्छ ठेवा, आणि दाताचं काही काम करायचं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, किडलेल्या दातातून इन्फेक्शन हृदयात जातं.

पूर्ण दुरुस्तीत भाचीला बसवलेला पाईपही ती मोठी झाली की बदलावा लागणार आहे. वही अजून चालू आहे, आता महिन्यातून एकदा. काल ताईने शिरपूरहून पानाचा फोटो पाठवला, १२ किलो ४०० ग्रॅम, सॅच्युरेशन ९७.